रोचेस्टरचा बुरुज: तीन कोपरे चौकोनी, एक गोल

मेडवेकाठची
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्ही इंग्लंडात केंट काउंटीमध्ये मेडवे नदीच्या काठी राहतो, नऊ वर्षं झाली. घरापासून बसने वीस मिनिटांवर रोचेस्टर हे जुनं गाव आणि तिथे नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मुख्य बुरुज अजून उभा आहे, इथे त्याला कीप म्हणतात. इतक्या वेळा त्याच्या समोरून गेले असेन, मुलांना खालच्या हिरवळीवर खेळवलं असेल, पण तो बुरुज मी पहिल्यांदा नीट बघितला तो बाबा आले तेव्हा.

बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आधी हाताखाली मग स्वतःची कामं घेऊन. किल्ला बघायला जाऊ म्हटलं तर लगेच तयार झाले. हिरवळीवरून बुरुजाला एक पूर्ण चक्कर मारली, काही बोलले नाहीत, मग दुसरी चक्कर मारली आणि म्हणाले, "हा कोपरा मागाहून बांधलाय." मी म्हटलं कशावरून. म्हणाले, "तीन कोपरे चौकोनी आणि एकच गोल. एका गवंड्याने एका वेळी बांधलं असतं तर चारही सारखे केले असते, इथे काहीतरी पडलं होतं."

तिथली माहितीची पाटी आम्ही तोवर वाचलीच नव्हती. आणि खरंच तो कोपरा पडला होता, १२१५ साली, जॉन राजाने खालून सुरुंग खणून पाडला. पुढे त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या काळात तो परत बांधला, तोवर गोल मनोऱ्यांची पद्धत आली होती म्हणून नवा कोपरा गोल झाला. आठशे वर्षं ती जखम बाहेरूनच दिसत्ये आणि मी नऊ वर्षांत एकदाही तिकडे मान वर करून बघितलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आले, मिळेल ते वाचलं, ते सगळं इथे लिहावंसं वाटतंय.

आधी जागा. डोव्हर-कँटरबरीकडून लंडनला जाणारा रोमन लोकांचा रस्ता मेडवे नदी ओलांडतो ती हीच जागा. म्हणजे समुद्राकडून लंडनवर चालून येणारा माणूस इथूनच जाणार, त्यामुळे पूल ज्याच्या हातात त्याच्या हातात रस्ता. १०६६ ला नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात इथे किल्ला उभा राहिला. दगडी तटबंदी गंडल्फ नावाच्या बिशपने बांधली, लंडनच्या टॉवरमधला व्हाइट टॉवर ज्याच्या देखरेखीखाली झाला तोच हा गंडल्फ. आपण आज जो बुरुज बघतो तो मात्र त्याचा नाही. ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या ताब्यात कायमचा दिला, तेव्हाचे आर्चबिशप विल्यम द कॉर्बेय, त्यांनी हा बुरुज उभारला.

माप सांगते म्हणजे अंदाज येईल. प्रत्येक बाजू साधारण ७० फूट, कठड्यापर्यंत उंची ११३ फूट आणि कोपऱ्यांवरचे मनोरे त्याच्या वर आणखी १२ फूट. भिंत पायथ्याला १२ फूट जाड. इंग्लंडमध्ये ह्याच्याइतकी उंच कीप दुसरी नाही. रस्त्यापलीकडे कॅथीड्रल आहे, दोन्ही एकमेकांकडे बघत उभे आहेत असं वाटतं.

आत गेलं की पहिल्यांदा धक्का बसतो कारण मजलेच नाहीत. छप्पर नाही, जमिनी नाहीत, तळाशी उभं राहून वर बघितलं तर थेट आकाश. पण भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतात, तिथे तुळया बसवलेल्या होत्या. त्या भोकांच्या रांगा मोजल्या की मजले मोजता येतात. वर भिंतीत शेकोट्या आहेत, पायाखाली जमीन नाही आणि शेकोटी नुसती अधांतरी, तशाच दाराच्या कमानी. बाबा तिथे अर्धा तास नुसते वर बघत उभे होते. कबुतरं फार आहेत, त्यांच्या पंखांचा आवाज पूर्ण बुरुजात घुमतो.

वेढ्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, मुलांना आणायची वेळ झाली.

सह्यभ्रमंती
ताई, मस्त लिहिलंय. बाबांना साष्टांग. किल्ले बघताना आम्ही राजांच्या आणि तारखांच्या मागे असतो पण बांधणारा माणूस बरोबर असला की दगड बोलायला लागतो. पुढचं लवकर टाका.

आनंदयात्रीण
मी दोन वर्षांपूर्वी एका टूरबरोबर केंटला गेले होते. कॅथीड्रल दाखवलं आणि किल्ल्यासमोर बस थांबवून वीस मिनिटं दिली, फोटो काढा म्हणाले. मी फोटो काढले. आत्ता तुमचं वाचून ते फोटो उघडले तर एकात तो गोल कोपरा अगदी स्पष्ट आलाय. मी तिथे उभी होते आणि मला दिसलाच नव्हता. फार हळहळ वाटली, आत तरी जायला हवं होतं.

शब्दवेल्हाळ
चांगला धागा. एक शंका, कीपला मराठीत काय म्हणावं? बरेच जण बालेकिल्ला लिहितात पण मला ते पटत नाही. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला वरचा किल्ला, फारसीत बाला म्हणजे वरचा. त्याला स्वतःची तटबंदी, दरवाजे, आत वाडे, टाकी, सगळा संसार असतो. आणि ही तर एकच इमारत दिसत्ये.

मेडवेकाठची
@शब्दवेल्हाळ, बरोबर आहे तुमचं, म्हणूनच मी मुख्य बुरुज म्हटलं. पण बुरुज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटाला जोडलेला भरीव गोल बुरुज येतो, हा तसाही नाही, आतून पोकळ आहे आणि राहण्याचा आहे. खाली कोठार, वर दरबाराची जागा, त्याच्याही वर राहायच्या खोल्या, सगळं एकावर एक. म्हणजे आपला वाडा उभा केला आणि त्याला बारा फुटी भिंती घातल्या असं काहीसं. कीप हा शब्दही खूप नंतरचा आहे, नॉर्मन लोक स्वतः डाँजों म्हणायचे.

शब्दवेल्हाळ
वा, म्हणजे डंजन तिथूनच आला. लॅटिनमधल्या धनी, मालक ह्या अर्थाच्या शब्दापासून डाँजों, म्हणजे धन्याची जागा. आणि इंग्रजीत तोच शब्द घसरत घसरत तळघरातल्या अंधारकोठडीवर गेला. किल्ल्याच्या सगळ्यात मानाच्या जागेचं नाव कैदखान्याला लागलं.

बापूसाहेब_सांगली
वेढ्याची वाट बघतोय.

मेडवेकाठची
हो बापूसाहेब, लिहिते.

१२१५ च्या जूनमध्ये सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टावर मोहोर घेतली हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. त्याच्या पुढचं शाळेत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत पोपने तो करार रद्द ठरवला आणि राजा नि सरदार ह्यांच्यात उघड लढाई सुरू झाली. लंडन सरदारांकडे आणि राजा केंटमध्ये समुद्राकडे. मधे रोचेस्टर. किल्ला आर्चबिशपांच्या ताब्यातला, तिथल्या किल्लेदाराने सरदारांच्या माणसांना दार उघडून दिलं आणि विल्यम द ऑबिनी ह्या सरदाराच्या हाताखाली ते आत शिरले. आत किती घोडेस्वार होते ह्याचे त्या वेळच्या बखरकारांनी ९५ पासून १४० पर्यंत वेगवेगळे आकडे दिलेत, शिवाय बाकीचे शिपाई. आत शिरले तेव्हा दाणागोटा फारसा नव्हता.

ऑक्टोबरच्या मध्यावर राजा स्वतः आला. त्याच्या लोकांनी आधी मेडवेवरचा पूल तोडला म्हणजे लंडनकडून मदत येऊ नये. मदत निघाली होती, सातशे घोडेस्वार निघाल्याचं लिहिलंय, पण ते डार्टफर्डपर्यंत येऊन परत फिरले. आतल्या लोकांना शब्द दिला होता की वेढा पडला तर आम्ही येऊ. डार्टफर्ड इथून किती लांब असेल, गाडीने अर्धा तास. मी तो रस्ता आठवड्यातून दोनदा जाते आणि आता प्रत्येक वेळी मनात येतं की इथपर्यंत आले आणि फिरले.

राजाने पाच दगडफेकी यंत्रं लावली. रात्रंदिवस धोंडे मारत होते. बाहेरचा तट पडला, बुरुज काही पडेना. राजाने कँटरबरीला आधीच हुकूम पाठवला होता की दिवसरात्र काम करून होतील तेवढ्या कुदळी बनवून पाठवा. म्हणजे सुरुंग खणायचं त्याच्या पहिल्यापासून डोक्यात असावं.

आणि मग २५ नोव्हेंबरचं ते पत्र. राजाने त्याचा मुख्य कारभारी ह्यूबर्ट द बर्ग ह्याला लिहिलं की चाळीस डुकरं पाठव, सगळ्यात लठ्ठ आणि खायला सगळ्यात कमी चांगली अशी, बुरुजाखाली आग लावायची आहे.

जुना_दगड
हे मी पहिल्यांदा वाचतोय. डुकरांनी बुरुज कसा पडेल? दारूगोळा नव्हता का?

सह्यभ्रमंती
@जुना_दगड, १२१५ मध्ये युरोपात बंदुकीची दारू नव्हती. आपल्याकडे सुरुंग म्हटलं की दारू ठासून उडवणं असंच आपण समजतो, १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाचा बुरुज सुरुंगाने उडवला तो तसा. पण मुळात सुरुंग म्हणजे जमिनीखालची वाट, दारू त्यात नंतर आली. ताई, बिनदारूचा सुरुंग कसा काम करतो ते तुम्हीच नीट सांगा.

मेडवेकाठची
बाबांनी मला हे जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या लावून दाखवलं तसंच सांगते. समजा भिंतीच्या पायाखालून माती काढायची आहे. नुसती काढत गेलात तर भिंत खणणाऱ्याच्याच अंगावर बसेल. म्हणून जितकं खणाल तितके लाकडी टेकू देत जायचे, जसं आपण स्लॅबखाली टेकू देतो. होता होता भिंतीचा तो कोपरा मातीवर उभा न राहता लाकडांवर उभा राहतो. मग त्या पोकळीत सरपण, काटक्या, चरबी भरायची आणि पेटवून बाहेर पळायचं. टेकू जळले की वरचं वजन पेलायला काही उरत नाही आणि कोपरा एकदम खाली बसतो.

जमिनीखाली कोंदट जागेत जाड ओली लाकडं नुसती पेटत नाहीत, धुमसत राहतात. चरबीने धग वाढते आणि टिकते. म्हणून लठ्ठ डुकरं हवी होती, आणि वेढा दीड महिना चाललेला, स्वतःच्या सैन्यालाही खायला लागतच असणार म्हणून चांगलं मांस नको, वाईट पाठव. पत्रातल्या त्या एका ओळीत मला तो माणूस फार स्पष्ट दिसतो, थंडीचा नोव्हेंबर, हट्टाला पेटलेला आणि तरीही डुकराच्या मांसाचा हिशेब ठेवणारा.

कोपरा पडला. आग्नेयेकडचा.

बापूसाहेब_सांगली
आणि मग शरण आले?

मेडवेकाठची
नाही ना! इथेच खरी गोष्ट आहे आणि ती आत गेल्याशिवाय कळत नाही.

बुरुजाच्या बरोबर मधून एक आडवी भिंत जाते, तळापासून वरपर्यंत, ती बुरुजाचे दोन भाग करते. एरवी तिचं काम म्हणजे तुळयांना आधार, कारण सत्तर फुटी बुरुजात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचेल अशी तुळई कुठून आणणार. दरबाराच्या मजल्यावर त्या भिंतीला मोठ्या गोल कमानी आणि खांब आहेत, कमानींवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, नॉर्मन बांधकामाची ती खूणच आहे. तर दक्षिणेचा कोपरा पडल्यावर आतले लोक त्या मधल्या भिंतीच्या पलीकडे उत्तरेच्या अर्ध्या भागात गेले आणि तिथून लढत राहिले. अर्धा बुरुज राजाकडे, अर्धा ह्यांच्याकडे, मधे एक भिंत.

दुसरं म्हणजे पाणी. विहीर त्या मधल्या भिंतीच्या पोटातच आहे. भिंतीत उभा पोकळ नळा ठेवलाय आणि प्रत्येक मजल्यावर त्याला खिडकीसारखं तोंड, तिथूनच पोहरा सोडायचा. मी त्या तोंडात हात घालून बघितलं, आतून गार ओलसर हवा येते. पाण्यासाठी त्यांना कुठेही उतरायला लागलं नाही. संपलं ते अन्न. शेवटी आपलेच घोडे मारून खाल्ले. ३० नोव्हेंबरला शरण आले, भुकेने.

इतिहासवाचक
ह्या वेढ्याबद्दल त्या काळच्या एका बखरकाराने म्हटलंय की आमच्या हयातीत इतका निकराचा वेढा आणि इतका निकराचा बचाव कोणी पाहिला नाही, आणि ह्यानंतर किल्ल्यांवर भरवसा ठेवायला फार कमी लोक धजले. एक गोष्ट धाग्यात यायला हवी म्हणून लिहितो, वाचायला त्रासदायक आहे. त्याच बखरीत असंही येतं की अन्न पुरवण्यासाठी आतल्यांनी लढायला निरुपयोगी झालेली माणसं बाहेर पाठवली आणि राजाच्या माणसांनी त्यांतल्या काहींचे हातपाय तोडले.

आनंदयात्रीण
बाप रे. लढणाऱ्यांची नावं निदान लिहिली तरी गेली, ह्या बाहेर काढलेल्या माणसांची नावंसुद्धा कुठे नसतील. आतल्यांनी ढकललं, बाहेरच्यांनी तोडलं.

मेडवेकाठची
हो आनंदयात्रीण, मी मुलांना वेढ्याची गोष्ट सांगताना हा भाग गाळते, आणि गाळला की मनाला लागतं. मोठ्याला ह्या वर्षी सांगितला.

जुना_दगड
शरण आलेल्यांचं काय केलं मग? जॉनची कीर्ती ऐकता एकालाही सोडलं नसेल.

इतिहासवाचक
सगळ्यांना फासावर चढवायचं त्याच्या मनात होतं. त्याच्याच बाजूचा एक सरदार, सावारी द मोलेयों, ह्याने समजावलं की लढाई अजून संपलेली नाही, आज आपण ह्यांना लटकवलं तर उद्या आपली माणसं सापडली की ते तेच करतील आणि मग तुमच्यासाठी लढायला कोण येईल. राजाने ऐकलं. बहुतेक सरदारांना कैद करून वेगवेगळ्या किल्ल्यांत पाठवलं. एकालाच फाशी दिली, तो एक धनुर्धारी होता, लहानपणापासून राजाकडे वाढलेला. त्याने उलट बाजूने लढावं हे राजाला सहन झालं नसावं.

बापूसाहेब_सांगली
ह्या शेवटच्या दोन ओळींवर थांबलो. बाकी सगळं राजकारण आणि ही एक घरातली गोष्ट.

डोव्हरवारी
धागा सुंदर चाललाय. मी डोव्हरजवळ राहतो, थोडी भर घालतो. ज्या ह्यूबर्ट द बर्गला डुकरं पाठवायचं पत्र गेलं तोच दुसऱ्या वर्षी, १२१६ मध्ये, राजाच्या बाजूने डोव्हरचा किल्ला लढवत होता. आणि तिथे सरदारांच्या बाजूने आलेला फ्रान्सचा राजपुत्र लुई वेढा घालून बसला होता. लुईच्या माणसांनी दरवाजाखाली सुरुंग खणला आणि दरवाजाच्या दोन बुरुजांतला एक पाडला. म्हणजे वर्षाच्या आत ह्यूबर्टवर तीच पाळी आली. त्याच्या लोकांनी खिंडार लाकडं टाकून बुजवलं आणि किल्ला पडू दिला नाही. रोचेस्टर मात्र १२१६ मध्ये लुईने घेतलं, कोपरा तसाच पडलेला होता, कसं टिकणार. जॉन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला.

ज्यांना मजले असलेली कीप बघायची आहे त्यांनी डोव्हरला या. दुसऱ्या हेन्रीने ११८० च्या दशकात बांधलेला बुरुज, जमिनी, छप्पर सगळं शाबूत आहे. रोचेस्टरला सांगाडा बघायचा आणि डोव्हरला अंगावरचे कपडे बघायचे, दोन्ही बघितलं की मग कळतं. क्रम मात्र रोचेस्टर आधी ठेवा असं माझं मत आहे.

जुना_दगड
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे म्हणून विचारतो. चौकोनी कोपरा कमजोर आणि गोल मजबूत म्हणून पुढे सगळे बुरुज गोल केले, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं का?

मेडवेकाठची
अर्धं खरं. चौकोनी कोपऱ्याचा टोकाचा दगड दोन बाजूंनी उघडा असतो, तिथे कुदळ घालायला सोपं. आणि वरून बाण मारणाऱ्याला टोकाच्या खालची जागा दिसत नाही, गोलाला तो आंधळा कोपरा राहत नाही. पण सरळ इतकंच असतं तर रोचेस्टरच्या आधीच गोल बांधले असते. ऑर्फर्डची कीप बहुकोनी आहे, कॉनिसबरोची गोल आहे, दोन्ही बाराव्या शतकातल्याच, आणि त्याच शतकाच्या शेवटी डोव्हरला मात्र राजाने परत चौकोनीच बांधली. चौकोनी खोल्या राहायला सोयीच्या, रुबाब वेगळा. म्हणजे तो काही एक दिवस सगळे शहाणे झाले असा प्रकार नाही. आणि इथे तर खणून पाडला, खालून पाया गेला तर गोल असो चौकोनी असो बसणारच.

जुना_दगड
पटलं. पायाखालचा आधार काढला की वरच्या आकाराला महत्त्व उरत नाही. मला उलट ह्याचं आश्चर्य वाटतंय की एक कोपरा बसला आणि बाकीचे तीन उभे राहिले. सगळा बुरुज एकसंध असता तर भेगा पार पलीकडे गेल्या असत्या. ती मधली भिंत नसती तर आज बघायला काही उरलं नसतं असं मला वाटतं. भिंत नक्की कशाची आहे?

मेडवेकाठची
केंटचा रॅगस्टोन. करडा, कठीण, वेडावाकडा फुटणारा दगड, मेडस्टनच्या बाजूला खाणी आहेत, तिथून नदीतून होड्यांनी खाली आणायचा. हा दगड नीट घडवता येत नाही म्हणून कोपऱ्यांना आणि कमानींना घडीव दगड वापरलाय तो समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या काँहून आणलेला, फिकट पिवळसर. उन्हात दोन्ही रंग वेगळे दिसतात. भिंत पूर्ण घडीव नाही, दोन्ही तोंडांना लावून दगड आणि मधे डबर आणि चुना. बाबा म्हणाले आपल्याकडेही जाड भिंत अशीच भरतात, चुना मुरला की सगळं मिळून एकच खडक होतो.

सह्यभ्रमंती
पुढे काय झालं किल्ल्याचं? परत लढाई झाली का?

मेडवेकाठची
१२६४ मध्ये परत. सिमोन द माँफोर आणि गिल्बर्ट द क्लेअर ह्या बंडखोर सरदारांनी तिसऱ्या हेन्रीच्या माणसांना आत कोंडलं. ह्या वेळी आठवडाभरात राजाचं सैन्य येतंय म्हणून वेढा उठला, बुरुज टिकला पण बाकी किल्ल्याची फार नासधूस झाली आणि शंभरेक वर्षं कोणी धड लक्ष दिलं नाही. चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डने दुरुस्ती केली. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोक आत शिरले होते. मग हळूहळू त्याचं काम संपलं. सतराव्या शतकात राजाने तो खाजगी मालकाला देऊन टाकला, लाकूड आणि दगड निघत गेले. १८७० मध्ये आवार लोकांसाठी बाग म्हणून खुलं झालं, १८८४ मध्ये गावाच्या नगरपालिकेने ८००० पौंडाला विकत घेतला. ती बाग अजून सगळ्यांना मोकळी आहे, बुरुजात शिरायला फक्त तिकीट.

चाफ्याचं_झाड
मी पुढच्या महिन्यात लंडनला लेकीकडे येत्ये. वय ६३, गुडघे बरे आहेत पण जिने जपून चढते. जमेल का? आणि लंडनहून एका दिवसात होतं का?

मेडवेकाठची
@चाफ्याचं_झाड काकू, नक्की या. लंडनहून ट्रेन आहे, साधारण पाऊण तास, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, हाय स्ट्रीटवरून येता येतं. बुरुजात लिफ्ट नाही, कोपऱ्यात गोल जिने आहेत, पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होत जातात आणि झिजलेल्या आहेत. दोराचा आधार धरायचा आणि पाय नेहमी बाहेरच्या रुंद बाजूला टाकायचा. पाऊस पडून गेला असेल तर वर छप्पर नसल्याने ओलं राहतं, त्या दिवशी नका चढू. नाही जमलं तरी दरबाराच्या मजल्यापर्यंत जा, त्या कमानी तिथेच जवळून दिसतात. प्रवेशाच्या दारात थांबून बाजूच्या दगडात उभी खाच बघा, लोखंडी-लाकडी जाळीचं दार वरून त्या खाचेत खाली सोडायचे. खाचेत बोट घालता येतं. मला आधी कळवा, मी येते बरोबर.

डोव्हरवारी
काकू, थोडी अजून ताकद असेल तर भिंतीतली गॅलरी चुकवू नका. दरबाराच्या वरच्या अंगाला भिंतीच्या जाडीतूनच फिरती वाट आहे, एका बाजूला आतलं पोकळ, दुसऱ्या बाजूला खिडकीतून नदी. बारा फुटी भिंत म्हणजे काय ते त्या वाटेवर चालताना समजतं.

चाफ्याचं_झाड
किती मायेने सांगितलंत दोघांनी. तिकीट काढलं की लगेच कळवते. मेडवेकाठची, तुझ्या वडिलांनाही भेटायला आवडलं असतं.

सह्यभ्रमंती
ताई, बाबांना हा धागा वाचून दाखवलात का? काय म्हणाले?

मेडवेकाठची
काल रात्री व्हिडिओ कॉलवर सगळा वाचून दाखवला, प्रतिसादांसकट. जुना_दगड ह्यांचं मधल्या भिंतीबद्दलचं दोनदा वाचायला लावलं आणि "बरोबर बोलतोय हा माणूस" म्हणाले. डोव्हरच्या दरवाजाचं ऐकून विचारलं की तो पडलेला बुरुज परत कसा बांधला.

मग त्यांनी मला एक काम दिलंय. म्हणाले, गोल कोपरा जिथे जुन्या सरळ भिंतीला येऊन मिळतो ती जागा आपण त्या दिवशी घाईत बघितली, पावसाची सर आली होती. जुन्या भिंतीत नवं काम घेताना जुने दगड मधून मधून काढून नव्याचे दात त्यात गुंतवावे लागतात, नाहीतर दोन्ही वेगळं राहतं आणि पहिल्या पावसाळ्यात सांधा उघडतो. इथे त्यांनी थर जुळवलेत का, दात कुठून कुठवर घेतलेत, ते खालून वरपर्यंत फोटो काढून पाठव. एक फोटो नको, प्रत्येक हात-दीड हातावर एक, आणि मधे माझी छत्री उभी धरून म्हणजे त्यांना माप कळेल.

शनिवारी सकाळी जात्ये, त्या कोपऱ्यावर ऊन सकाळीच येतं. फोटो इथेही टाकते.

जुना_दगड
टाकाच. आणि सांध्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे टाका, मलाही दात बघायचेत.